१५ मिनिटांत बॅक्टेरिया दाखवणारी चिप सोसायटीच्या टाकीसाठी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बोरिवलीतली जुनी सोसायटी, जोराचा पाऊस झाला आणि आठवड्याभरात बी विंगमध्ये घराघरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, टाकीचं पाणी लॅबला दिलं तर रिपोर्ट यायला तीन दिवस लागले आणि त्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा बॅक्टेरिया, निघाला. आता एक विक्रेता हातात मावेल एवढं मशीन दाखवून गेलाय, चिपवर एक थेंब पाणी टाका, १५ मिनिटांत कळेल म्हणतो. सेक्रेटरी विचारतायत की हे खरं आहे का, खरं असेल तर लॅबवाले तीन दिवस का लावतात, आणि सोसायटीने पैसे काढून हे घ्यावं का.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, आधी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, आता बरीच वर्षं अंधेरीत पाणी आणि अन्न तपासणीचं काम करते, चिपवरच्या टेस्ट दोन्हीकडे वापरल्यात. सरळ उत्तर हवं असेल तर टाकीच्या पाण्यासाठी हे मशीन घेऊ नका. ते फसवं आहे असं मी म्हणत नाही, १५ मिनिटंही खरी असू शकतात. सगळी गोम त्या एका थेंबात आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण पुढच्या पावसाळ्यात दुसरा कोणी दुसरं मशीन घेऊन येणारच आहे.

आधी लॅब तीन दिवस का लावते ते. ई. कोलाय बॅक्टेरियाची लांबी साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा पाचशेवा भाग, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. म्हणून आपण त्याला खायला घालून वाढवतो. चांगलं खाद्य आणि ३७ डिग्री तापमान मिळालं तर तो २० मिनिटांत एकाचे दोन होतो, म्हणजे हिशेबाने आठ तासांत २४ वेळा दुप्पट, एकाचे १ कोटी ६८ लाख, आणि तेवढे झाले की प्लेटवर टिंब दिसायला लागतं. पण हा झाला कागदावरचा हिशेब. तुमच्या टाकीतला बॅक्टेरिया क्लोरीनचा मार खाऊन, उपाशी राहून आलेला असतो, त्याला सावरायलाच काही तास जातात, म्हणून आम्ही १८ ते २४ तास थांबतो. जुन्या ट्यूबच्या पद्धतीत तर आधी २४ ते ४८ तास मॅकॉन्की ब्रॉथमध्ये, म्हणजे बॅक्टेरियाच्या पातळ खाद्यात, ठेवून आम्ल आणि गॅस होतो का बघायचं, मग जे पॉझिटिव्ह आलं ते परत ४४ डिग्रीच्या आसपास वाढवून खात्री करायची, झाले तीन दिवस. यात कोणी टाइमपास करत नसतं हो, बॅक्टेरियाच्या वाढीचा वेग हाच त्या रिपोर्टचा वेग आहे.

मग चिप काय करते? वाढवण्याचं काम टाळते. बॅक्टेरियाच्या अंगावरचा एखादा प्रोटीन अँटिबॉडीने, म्हणजे नेमक्या त्यालाच चिकटणाऱ्या रेणूने, पकडायचा, किंवा त्याला फोडून आतला डीएनए बाहेर काढायचा आणि पीसीआरने त्याच डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाढवायचा. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत तुकडे दुप्पट होतात, ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर जातात, आणि एक फेरी मिनिटाच्या आत होते, बॅक्टेरियाला दुप्पट व्हायला जी २० मिनिटं लागतात ती इथे लागत नाहीत.

आता हे लहान चिपवर का करायचं, मोठ्या भांड्यात का नाही, याचं कारण मला स्वतःला फार आवडतं. द्रवात कुठलीही गोष्ट आपोआप पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अँटिबॉडीला पाण्यात एक मिलीमीटर सरकायला ढोबळ मानाने तीन-साडेतीन तास लागतील, पण अंतर दहापट कमी केलं, म्हणजे १०० मायक्रॉन, केसाच्या जाडीएवढं, तर तेच काम दोन मिनिटांत होतं. उष्णतेचंही तसंच, काही मायक्रोलीटर द्रव तापायला आणि थंड व्हायला काही सेकंद पुरतात, म्हणून पीसीआर पळतो. १९९० साली आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी अख्खी तपासणी एका चिपवर आणायची कल्पना मांडली, पुढे हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकॉन रबरात साच्याने असे बारीक चर पाडायची स्वस्त पद्धत रूढ केली आणि २००७ मध्ये तर साध्या कागदावरच हे करून दाखवलं. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत सौम्य मुखर्जी यांच्या गटाने यू आकारात वाकवलेल्या ऑप्टिकल फायबरवर अँटिबॉडी बसवून ई. कोलाय पकडायचं काम केलंय. म्हणजे विज्ञान पक्कं आहे, आणि आपल्या शहरात बसून लोकांनी त्यात हात घातलाय.

पण आता तो थेंब बघू. भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं की पिण्याच्या पाण्याच्या कुठल्याही १०० मिली सॅम्पलमध्ये ई. कोलाय सापडता कामा नये. १०० मिलीत एकसुद्धा नको. चिपमध्ये जाणारा थेंब किती असतो, समजा १० मायक्रोलीटर. १०० मिलीत असे दहा हजार थेंब होतात. पाण्यात एकच बॅक्टेरिया असेल तर तो तुमच्या थेंबात यायची शक्यता दहा हजारात एक. बरं पाणी चांगलंच खराब आहे, १०० मिलीत १०० ई. कोलाय आहेत असं धरलं तरी थेंबात एखादा यायची शक्यता शंभरात एक, म्हणजे मशीन कितीही भारी असलं, एकेक बॅक्टेरिया मोजणारं असलं, तरी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते "पाणी स्वच्छ" म्हणणार आणि मशीनच्या दृष्टीने ते खरंच असणार, कारण त्याच्या थेंबात बॅक्टेरिया नव्हताच! ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक थेंबात सरासरी तीन तरी हवेत, म्हणजे १०० मिलीत ३० हजार. गटाराच्या कच्च्या पाण्यात १०० मिलीला दहा लाख ते कोटभर ई. कोलाय असतात, तेव्हा ३० हजार म्हणजे ढोबळ मानाने टाकीतल्या शंभर बादल्यांत एखादी बादली गटाराची. एवढं मिसळलं तर तुमच्या नाकालाच वास येईल हो, मशीन कशाला.

आणि हे झालं आदर्श मशीनचं. प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते ना, ज्याच्यावर रेघ उमटते, तशा बॅक्टेरियाच्या पट्ट्यांना साधारणपणे मिलीमागे लाखभर किंवा त्याहून जास्त बॅक्टेरिया लागतात तेव्हा कुठे रेघ दिसते. म्हणून अन्न तपासणीत आम्ही पट्टी वापरायच्या आधी सॅम्पल रात्रभर वाढवतो. पट्टीची टेस्ट १०-१५ मिनिटांची, आणि पुड्यावर तेच लिहिलेलं असतं, आदल्या रात्रीचं कोणी लिहीत नाही.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. सगळ्यात सोपा म्हणजे १०० मिली पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढायचं, बॅक्टेरिया फिल्टरवर अडकतात, मग ते थोड्याशा द्रवात धुऊन घ्यायचे. किंवा अँटिबॉडी लावलेले चुंबकाला चिकटणारे बारीक मणी पाण्यात फिरवायचे आणि चुंबकाने ओढून घ्यायचे. दोन्ही चांगलं चालतं, लॅबमध्ये. पण पावसाळ्यातलं मुंबईच्या जुन्या बिल्डिंगचं पाणी घ्या, त्यात गाळ, जीआय पाइपचा गंज, टाकीच्या भिंतीचं शेवाळ, फिल्टर अर्ध्यातच चोंदतो. आणि जे अडकतं त्यात लोहही असतं, कुजलेल्या पालापाचोळ्यातली आम्लंही असतात, ही दोन्ही पीसीआरला मारक. मग पीसीआर चालतच नाही आणि निकाल "निगेटिव्ह" दिसतो. म्हणून चांगल्या कार्टरिजमध्ये (टेस्टची जी डबी मशीनमध्ये घालतात तिच्यात) आत एक स्वतंत्र कंट्रोल असतो, म्हणजे एक ओळखीचा डीएनए मुद्दाम घातलेला, तो जर वाढला नाही तर मशीन निगेटिव्ह न म्हणता "टेस्ट फेल" म्हणतं. ज्या मशीनमध्ये असा कंट्रोल नाही त्याच्या निगेटिव्ह निकालाला मी काडीचीही किंमत देत नाही, आणि हे मी फार गंभीरपणे लिहितेय कारण खोट्या निगेटिव्हवर विसंबून लोक लहान मुलांना ते पाणी पाजतात.

अजून एक गोष्ट, जी माहितीपत्रकात सहसा नसते. इतक्या बारीक चरात पाणी वळवळत नाही, खळखळत नाही, एकदम सरळ थराथराने वाहतं. अँटिबॉडी बसवलीय चराच्या भिंतीवर, आणि बॅक्टेरिया वाहतोय मधून. बॅक्टेरिया अँटिबॉडीच्या तुलनेत प्रचंड मोठा, तो आपोआप भिंतीपर्यंत सरकायला दोन मिनिटं पुरत नाहीत, तास लागतात, तोवर तो दुसऱ्या टोकाने बाहेरसुद्धा पडलेला असतो. म्हणजे थेंबात बॅक्टेरिया असूनही सुटू शकतो. म्हणून काही चिपच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा कोरतात, त्याने प्रवाह पिळला जातो आणि बॅक्टेरिया भिंतीला लागायची शक्यता वाढते. चिप डिझाइन करणाऱ्यांची अर्धी अक्कल इथेच खर्ची पडते, हवेचा बुडबुडा अडकू नये आणि प्रवाह नीट मिसळावा. आमच्याकडे टेस्ट वाया जाण्याचं नेहमीचं कारण कोणतं म्हणाल तर बुडबुडा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा, चिपचं पाकीट उघडून कोणी चहाला गेलं की आतली सुकी रसायनं ओल धरतात आणि चिप बाद. तुमच्या सोसायटीत हे कोण करणार, वॉचमन की प्लंबर, याचाही विचार करा, मी त्यांना कमी लेखत नाहीये, पण हे शिकवून सरावानेच येतं.

मेलेला की जिवंत हा प्रश्नही आहेच. डीएनए बघणारी टेस्ट मेलेल्या बॅक्टेरियाचाही डीएनए वाढवते. म्हणजे समजा महापालिकेच्या क्लोरीनने बॅक्टेरिया मारले, पाणी प्यायला ठीक आहे, तरी मशीन पॉझिटिव्ह देऊ शकतं आणि सोसायटीत बोंबाबोंब. यावर एक रंगद्रव्य वापरतात, पीएमए म्हणतात त्याला, ते फुटलेल्या पेशीत शिरून तिथला डीएनए निकामी करतं आणि मग फक्त धडधाकट पेशींचा डीएनए वाढतो, पण त्यासाठी अजून एक पायरी, अजून वेळ, आणि गढूळ पाण्यात त्याचं काम नीट होत नाही. हॉटेलच्या किचनमध्ये जे स्वॅबचं मशीन असतं, १५-२० सेकंदांत आकडा दाखवणारं, ते काजव्याच्या प्रकाशाच्या रसायनावर चालतं आणि एटीपी, म्हणजे सजीव पेशींतला ऊर्जा देणारा पदार्थ, मोजतं. ओटा नीट पुसलाय का हे बघायला उत्तम. पण भाजीच्या रसातही एटीपी असतो, ते बॅक्टेरिया कोणता हे सांगतच नाही. असंच काहीतरी पाण्याची टेस्ट म्हणून तुम्हाला दाखवलंय का ते एकदा बघून घ्या.

मग या चिप निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही, आणि इथे मला मनापासून सांगायचंय की योग्य ठिकाणी त्यांनी माणसं वाचवलीत. बघा, टीबीचा बॅक्टेरिया २० मिनिटांत दुप्पट होत नाही, त्याला १५ ते २० तास लागतात, म्हणून थुंकीचं कल्चर (बॅक्टेरिया वाढवून बघायची टेस्ट) निगेटिव्ह म्हणायला सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. मुंबईसारख्या शहरात, जिथे एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट इतके आहेत, तिथे दोन महिने म्हणजे काय ते धारावी-गोवंडीत काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. जीनएक्सपर्ट या कार्टरिजवर पीसीआर करणाऱ्या मशीनला, म्हणजे सरकारी भाषेत सीबीनॅटला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली, दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का ते कळतं. मग आपलं ट्रूनॅट आलं, बेंगळुरूच्या बिगटेकने घडवलेलं आणि गोव्याच्या मोलबायोचं, बॅटरीवर चालणारं, खरोखर छोट्या चिपवर पीसीआर करणारं, २०२० मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. साधारण तासाभरात टीबी कळतो, रिफॅम्पिसिनसाठी दुसरी चिप लावायची. इथे चिप चालते कारण पेशंटच्या थुंकीत बॅक्टेरिया भरपूर असतात, आणि तिथेही आधी एका वेगळ्या यंत्रात डीएनए काढायची वीसेक मिनिटं आहेतच.

लघवीचं उदाहरण तर तुमच्या टाकीच्या अगदी उलट टोकाचं. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये मिलीला लाखभर बॅक्टेरिया असतात, म्हणजे १० मायक्रोलीटरच्या थेंबात हजार. तिथे थेंब पुरतो. स्वीडनमधल्या उपसालाच्या सिस्मेक्स अ‍ॅस्ट्रेगोचं एक यंत्र आहे, त्यात बारीक चरांमध्ये एकेक बॅक्टेरिया अडकवून वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये तो वाढतोय की थांबतोय हे मायक्रोस्कोपखाली बघतात, १५ मिनिटांत इन्फेक्शन आहे का ते आणि पाऊण तासाच्या आत कुठलं औषध चालेल ते. त्याला २०२४ मध्ये ब्रिटनचं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड प्राइज मिळालं. या टेस्टमध्ये डीएनए नाही, जिवंत बॅक्टेरियाच बघतात, म्हणून मेलेल्याचा घोळ नाही. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण आज आपल्या गल्लीगल्लीत लघवीच्या जळजळीवर अंदाजाने अँटिबायोटिक दिलं जातं आणि तीन दिवसांनी कल्चर येईपर्यंत कोर्स संपत आलेला असतो.

रक्ताचं मात्र पाण्यासारखंच आहे. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून जिवावर बेततं तेव्हा, मोठ्या माणसाच्या रक्तात कित्येकदा मिलीला एक ते दहाच बॅक्टेरिया असतात, म्हणून कल्चरच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त घ्यावं लागतं, नातेवाईक ओरडतात की एवढं कशाला काढता, पण कमी घेतलं तर बॅक्टेरिया सुटतो.

आणि लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, तो तर आपला पावसाळी पाहुणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोचे पेशंट ज्यांनी पाहिलेत ते विसरणार नाहीत. त्याचं कल्चर यायला आठवडे-महिने लागतात, उपयोग शून्य. रक्तातली आयजीएम टेस्ट (शरीराने बनवलेली अँटिबॉडी बघणारी) ताप आल्यावर पाच-सात दिवसांनीच पॉझिटिव्ह येते. पहिल्या आठवड्यात खरं दाखवतो तो पीसीआर, आणि तो चिपवर वॉर्डातल्या दवाखान्यापर्यंत पोचला तर फार मोठं काम होईल. तोवर साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल आणि पायाला जखम असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरला विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, महापालिका दरवर्षी हे सांगते ते बरोबर आहे.

आता तुमच्या टाकीकडे येऊ. तुम्हाला १५ मिनिटांत उत्तर हवंय ना, तर १५ मिनिटंही न लागणारी टेस्ट आहे आणि ती बॅक्टेरियाची नाही, क्लोरीनची आहे. छोटा क्लोरोस्कोप किंवा डीपीडीच्या गोळ्यांचा किट (क्लोरीन असेल तर पाण्याला रंग येतो) घ्या, पाण्यात उरलेला क्लोरीन मोजा. आयएस १०५०० प्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. महापालिकेचं पाणी भांडुप किंवा पांजरापूरला शुद्ध होऊन क्लोरीन घालूनच निघतं, ते तुमच्या टाकीपर्यंत पोचताना क्लोरीन संपलेला असेल तर वाटेत त्याला काहीतरी खायला मिळालंय, म्हणजे घाण मिसळलीय किंवा टाकीत पाणी फार दिवस पडून आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, बाकी वेळ पाइपात दाब नसतो, आणि पाइपाला कुठे भेग असेल अन् शेजारून गटार जात असेल तर दाब गेल्यावर तेच पाणी आत ओढलं जातं. म्हणून मोजणी तीन ठिकाणी करा: पाणी सुटल्या सुटल्या मीटरजवळच्या नळाला पहिल्या पाच-दहा मिनिटांचं, मग अंडरग्राउंड टाकीचं, मग गच्चीवरच्या टाकीचं. मीटरजवळच शून्य असेल तर लाइन बाहेर फुटलीय, वॉर्ड ऑफिसच्या जलखात्याला लगेच कळवा आणि आकडा लिहून द्या. मीटरजवळ ठीक आणि अंडरग्राउंड टाकीत शून्य असेल तर दोष तुमच्या आवारात, टाकीचं झाकण, भिंतीची भेग, जवळून जाणारी ड्रेनेज लाइन, ते शोधा. हे रोज सकाळी पाच मिनिटांचं काम आहे, वहीत आकडे लिहा, आकडा घसरला की बॅक्टेरियाच्या आधी तुम्हाला सुगावा लागतो.

दुसरं, स्वस्त आणि आपल्याच देशातलं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये एक टेस्ट प्रसिद्ध केली, बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी, त्यात २० मिली पाणी भरून ठेवायचं, विष्ठेतले काही बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि पाणी काळं पडतं. मुंबईच्या उकाड्यात इनक्युबेटरशिवायही साधारण दिवसभरात कळतं. ई. कोलाय स्वतः तो वायू बनवत नाही, त्याचे सोबती बनवतात, म्हणून काळं पडलं नाही तर निश्चिंत होऊ नका, पण काळं पडलं तर ताबडतोब पिणं बंद. टेस्ट झाली की बाटलीत ब्लीचिंग घालून अर्धा तास ठेवून मगच ओता, त्यात आता कोट्यवधी बॅक्टेरिया असतात. आणि लॅबला देताना विचारा की एंझाइमची टेस्ट आहे का, त्यात कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्या गटातला ते बॅक्टेरिया, असतील तर पाणी पिवळं होतं आणि ई. कोलाय असेल तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळं चमकतं, १०० मिली पूर्ण तपासलं जातं आणि २४ तासांत रिपोर्ट, म्हणजे तीन दिवसांचा एक दिवस झाला. (ई. कोलायचा तो कुप्रसिद्ध ओ१५७ प्रकार बहुतेक वेळा चमकत नाही, पण पाण्यात विष्ठा मिसळलीय का हे कळायला बाकीचे पुरेसे असतात.)

सॅम्पल कसं घेता यावर निम्मा रिपोर्ट अवलंबून असतो. बाटली लॅबचीच घ्या, बिसलेरीची धुतलेली नको. आत जी पांढरी पूड किंवा दोन थेंब दिसतात ते थायोसल्फेट आहे, क्लोरीन मारायला, नाहीतर वाटेतच क्लोरीन बॅक्टेरिया मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो, म्हणून बाटली विसळू नका. नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, वर थोडी जागा सोडून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि सहा तासांच्या आत पोचवा. टाकी साफ करायच्या आधीचं एक सॅम्पल जरूर घ्या, लोक घाबरून आधी टाकी धुतात आणि मग कारण कधीच सापडत नाही.

एवढं सगळं सांगूनही कमिटीतल्या कोणाला ते मशीन घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला विचारा: १०० मिलीत किती कमी बॅक्टेरिया सापडतात, थेंबात नव्हे, १०० मिलीत. पाणी गोळा करून गाळण्यापासून निकालापर्यंत एकूण वेळ किती. मेलेले-जिवंत वेगळे कळतात का. आत कंट्रोल आहे का. आणि एका टेस्टच्या चिपची किंमत किती, मशीनची नाही, कारण खर्च तिथेच आहे. डेमो त्यांच्या बाटलीवर घेऊ नका, त्यात मिलीला लाखो बॅक्टेरिया घातलेले असतात, त्यावर काहीही चालतं. एखाद्या लॅबकडून तीन बाटल्या बनवून घ्या, एकात नुसतं निर्जंतुक पाणी, एकात १०० मिलीला दहा-वीस जिवंत ई. कोलाय, एकात भरपूर पण उकळून मारलेले, बाटल्यांवर नाव न घालता नुसते क्रमांक टाका आणि त्याच्यासमोर ठेवा. तिन्हीचं उत्तर बरोबर आलं तर मला जरूर कळवा, मी स्वतः आमच्या लॅबसाठी घेईन.

पिण्याचं पाणी सध्या उकळूनच प्या, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरे. दात घासायला आणि बाळाची बाटली धुवायलाही तेच वापरा.

आणि टाकी साफ झाली, ई. कोलाय निगेटिव्ह आला, तरी बी विंगमधल्या घरांवर पुढचे दोन महिने लक्ष ठेवा. ज्या गटाराच्या पाण्यातून ई. कोलाय आला त्यातून हिपॅटायटिस ए आणि ई चे विषाणूही आलेले असू शकतात, ते बॅक्टेरियाच्या कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाहीत आणि कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तोपर्यंत सगळे हा प्रकार विसरलेले असतात. जेवणावरची वासना गेली, मळमळ, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, असं कोणालाही झालं तर डॉक्टरला टाकीची गोष्ट सांगा, आणि ती गरोदर बाई असेल तर उद्यावर टाकू नका, हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.